खाडीपलीकडचं पिवळं लुगडं

देवगडच्या खाडीकाठी मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा दवाखाना आरोग्य खात्याचा होता आणि होडी ग्रामपंचायतीची. बाळंतिणी मात्र बहुतेक पलीकडच्या वाडीतल्या, आणि तिकडे रस्ता नाही. त्यामुळे दवाखान्याचं आणि पंचायतीचं 'तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना' असं चाललेलं. शेवटी सरपंच आणि डॉक्टर एकदाचे एका बाकावर बसले आणि ठरलं: पलीकडे बाई अडली की तिकडच्या धक्क्यावर काठीला चादर चढवायची. ती दिसली की तारी, म्हणजे होडीवाला, बाकीचे उतारू सोडून मला घेऊन निघणार. चादर दवाखान्याची, काठी पंचायतीची. या वाटणीवर दोघेही फार खूश होते.

चादर पांढरी. आणि पलीकडच्या काठावर रोज पांढरी धोतरं वाळत. पहिल्याच महिन्यात मी पिशवी घेऊन दोनदा धोतरं बघून आले. दुसऱ्यांदा तर धोतराचा धनी मलाच विचारू लागला, कोण अडलं म्हणून. मी काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. मग तारी जपून बघू लागला, आणि एका दुपारी खरी चादर त्याला धोतर वाटली. आम्ही पोचलो तोवर बाई अर्धमेली झाली होती. वाचली, हे तिचं नशीब.

दुसऱ्या दिवशी तारी पंचायतीत आला तो काखेत हळदी रंगाचं लुगडं घेऊन. ते त्याच्या बायकोचं. मी येण्यापूर्वी ती पलीकडे बाळंतपणात गेली, तेव्हा हा अलीकडे उतारूंची वाट बघत बसला होता. सरपंच एकदम मागे सरकले. अशी गेलेली बाई अळवंत होऊन ओल्या बाळंतिणीला धरते, असं तिथे सगळेच मानत.

"अरे, ह्या लुगड्याक हात कोण लावतलो?"

"म्हणानच आणलंय. ह्या कोण वाळत घालूचो नाय," तारी म्हणाला.

त्याचं म्हणणं मला पटलं, पण धास्तीही वाटली. घरात सून वेणा देत असताना असलं कापड चढवायला कुणाचे हात धजावणार? पण चादर तर डॉक्टरांनी परत नेली होती, म्हणून लुगडंच पलीकडे काठीपाशी ठेवलं.

पुढे एका सकाळी लुगडं काठीवर दिसलं. तारी एकसारखा वल्हवत राहिला. आम्ही वेळेवर पोचलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हात धुताना मी लुगडं चढवणाऱ्या सासूला विचारलं, "काकी, भीती नाही वाटली?"

"वाटली मगे." ती पाणी घालता घालता म्हणाली, "पण नर्सबाय, तिची हाक तेवा कोणाच्या कानार पडूक नाय. आता पडता. ती कित्याक कोणाक धरतली?"

मला रडू आवरेना. तारी दारातच उभा होता. तो होडीतलं पाणी उपसायला निघून गेला.