लाल पेन्सिलीची खूण

औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या पत्रकाला मी लाल पेन्सिलीनं ‘उत्तम’ असा शेरा दिला. मास्तर माणूस, हातात इंग्रजी कागद आला की आधी गुण देणार, मग वाचणार.

मंगळवार पेठेत तेव्हा कुणाकडंही इंग्रजी कागद आला, की माझ्याकडं यायचा. या वेळी तो घरातलाच होता. माझी थोरली विधवा बहीण आमच्याकडंच असायची. तिच्या थुंकीत रक्त दिसलं होतं, आणि डॉक्टरांनी ताबडतोब मिरजेच्या इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. तिला घर सोडून जायचं नव्हतं. शेजारच्यांनी बाटली आणून दिली.

मी पत्रक आधी इंग्रजीत खणखणीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. सुरुवातीला प्रश्न : तुमचा खोकला महिनाभर हटत नाही का? मग भीती. मग दिलासा. आणि शेवटी, ‘जगभरचे डॉक्टर हेच सांगतात.’

“त्यातल्या एका तरी डॉक्टरचं नाव हाय का?” चुलीपासून बायकोनं विचारलं.

“तुला इंग्रजीतलं काय कळतंय?” मी म्हणालो.

आक्का लाल शेऱ्याकडं बघून हसली. “माझा भाऊ शिकलेला हाय. तो म्हणतोय तर बाटलीच घेऊ की.”

मी काही म्हणतच नव्हतो, नुसतं वाचत होतो. पण आवाज माझा होता.

तीन महिने बाटल्या चालल्या. मग मिरज. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. “इतके दिवस कुठं होता?” एवढंच विचारलं. दसऱ्याआधी आक्का गेली.

पुढच्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गाला मी तेच पत्रक शिकवलं. माणसाला वळवणारे शब्द कसे ओळखायचे, ते एकेक अधोरेखित करून दाखवलं. प्रश्न कशाला, भीती कशाला, बिननावाचे डॉक्टर कशाला. फक्त ‘उत्तम’वर अंगठा ठेवून कागद धरला होता.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. आजचा तास चांगला झाला, असंही म्हणालो. सवय जात नाही. तिनं कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण लाल खूण कळत होती.

“उद्या अंगठा काढा,” ती म्हणाली. “वन्संनी कागदावर न्हाई, ह्या खुणेवर विश्वास ठेवला होता. पोरांना ती बी दिसू दे.”