धाकटीच्या टाकीतली हवा

थोरली सून अकरा वर्षं पाण्याखाली काम करत होती. सासरचा धंदा मासे वाढवण्याचा. समुद्रात मोठमोठी गोल जाळी सोडलेली. त्यांना शेवाळ धरे, ते खरवडायचं आणि फाटलं असेल तिथे शिवायचं. घरात हे जमणारी बाई ती एकटीच. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि त्याची बायको एकाच हंगामात बुडी मारायला शिकली.

शिकली तर शिकली. पण दोघी वर आल्या की सासरे त्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्यांचे काटे बघून मोठ्यानं म्हणत, "धाकटीची निम्मी शिल्लक! थोरले, तू हवा घेतेस की गिळतेस?" नावेवर सगळे हसत. थोरलीही हसे, पण घरी तिला घास गोड लागत नसे.

त्या दिवशी पाणी गढूळ होतं. नियम साधा होता: एकमेकींच्या नजरेत राहायचं, चुकामूक झालीच तर मिनिटभर शोधायचं आणि वर यायचं. मध्येच धाकटीनं खुणेनं विचारलं, हवा किती? थोरलीचा काटा दोनशेवरून सत्तरवर आला होता. तिनं बोटांनी एकशेवीस दाखवले. धाकटी पुन्हा कामाला लागली, तशी थोरली जाळ्याच्या वळणाआड सरकली. आज धाकटीपेक्षा चार हात जास्त खरवडायचंच, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

थोड्या वेळानं मागे पाहिलं तर धाकटी नाही. 'गेली असेल पुढे मिरवायला,' ती मनात म्हणाली. मग मनात आलं, जाळ्यात अडकली असेल तर? ती जाळ्याच्या तळापर्यंत शोधत गेली. मिनिट केव्हाच उलटलं होतं. श्वास ओढावा लागू लागला, तेव्हा तिनं काटा पाहिला. तो लाल पट्टीच्या तळाला टेकला होता. वर येताना रक्तात बुडबुडे होऊ नयेत म्हणून वाटेत थांबायचं असतं, तेवढीही हवा उरली नव्हती. ती न थांबताच वर आली.

धाकटी नावेचा दोर धरून वरच तरंगत होती. "ताई, कुठे होतात? मी मिनिटभर शोधलं आणि वर आले. एकशेवीस होती ना तुमची?"

"नव्हती. सत्तर होती."

"मग खोटं का सांगितलंत?"

"तुझ्यापेक्षा कमी सांगायची लाज वाटली."

नावेतून हे ऐकणाऱ्या सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्यांनी काटे मोठ्यानं वाचणं सोडलं. थोरलीला नावेतच आडवं करून तासभर प्राणवायू दिला. मास्क धाकटीनं धरला होता, आणि तिला साधी धापही लागलेली नाही, हे थोरलीच्या नजरेतून सुटलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोघी पुन्हा उतरल्या. हवा कमी होताच थोरलीनं खरा आकडा दाखवला आणि दोघी लगेच वर आल्या. नावेत तिनं विचारलंच, "तुला हवा इतकी कमी कशी लागते गं?"

"मी सावकाश करते, ताई. तुम्ही माझ्या दुप्पट जाळं साफ करता. हवा लागणारच."

थोरलीला बरं वाटलं. पण समजूतदारपणातही हिनंच बाजी मारली, हे काही तिला अजून पचलेलं नाही.