चार नंबर हटची चौकट

१९८८ सालच्या त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग केंटच्या किनाऱ्यावर होतं. मी ब्रिटिश आर्मी इंजिनिअर्समध्ये लान्स कॉर्पोरल, नाव सॅमसन पेणकर. आईवडील कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मुंबईहून लंडनजवळच्या इल्फर्डला आलेले. ट्रूपमध्ये मला सगळे पेन म्हणत. काम सोपं होतं. समुद्रालगतच्या जुन्या कॅम्पमधल्या लाकडी हट, म्हणजे बराकी, स्फोटकांनी पाडायच्या. युद्धाआधी तिथे नाझींच्या तावडीतून पळून आलेल्या ज्यू मुलांना तात्पुरतं ठेवत, अमेरिकेचा व्हिसा येईपर्यंत. आमच्या ब्रीफिंगमध्ये या गोष्टीच्या वाट्याला एकच वाक्य आलं.

रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी पाहणी, मग ड्रिलिंग, अंधार पडायच्या आत चहा. फक्त चार नंबर हटचं दार आम्ही कडी घालून जायचो आणि सकाळी ते उघडं सापडायचं. ट्रूपमधल्या सॅपर ह्यूजने एकदा कडीला दोर बांधला. दुसऱ्या दिवशी दोर नीट गुंडाळून पायरीवर ठेवलेला होता.

"वारा," सार्जंट डॉयल म्हणाला.

"गाठ सोडणारा वारा, सार्ज?"

"केंटचा वारा आहे. कामाला लाग."

मी घरी फोन करून सांगितलं, तर आई म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जेवतोस ना नीट?" जेवत होतो. भीतही होतो.

स्फोटाच्या सकाळी इतकं धुकं होतं, की समुद्र नुसता ऐकू येत होता. चार्जेस लावून झाले. डॉयलने सगळ्या हट दोनदा तपासून क्लिअर दिल्या. शेवटची वायर बघायला मी चार नंबरच्या दाराशी गेलो. उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, एक तिरका फिकट पट्टा होता आणि त्याच्या दोन टोकांना खिळ्यांची भोकं. आमच्या इल्फर्डच्या दाराला त्याच जागी मेझुझा आहे, प्रार्थनेची छोटी डबी. आतबाहेर करताना तिला बोटं लावून ओठांशी न्यायची, ही लहानपणापासूनची सवय. डबी नसतानाही माझा हात आपोआप वर गेला.

बोटं स्वच्छ निघाली.

त्या हटमध्ये कुठेही हात लावला की काळा व्हायचा. मी पट्ट्याच्या खाली बोट फिरवलं, काजळी. वर फिरवलं, काजळी. पट्टा मात्र गुळगुळीत आणि किंचित ओलसर होता. रिकाम्या जागेला कुणीतरी आजही हात लावून गेलं होतं.

मी रेडिओ उचलला. "सार्ज, हट फोर नॉट क्लिअर. ओव्हर."

"दोनदा बघितलीय, पेन."

"नॉट क्लिअर. आत कुणीतरी आहे."

"पाहिलंस?"

"नाही."

"रिकामी निघाली तर तुझी दंडावरची स्ट्राइप गेली. दहा मिनिटं. आउट."

आत झोपायचे रिकामे बंक आणि गंजलेला स्टोव्ह. हाक मारत पुढे गेलो. मागच्या खिडकीपासून बुटांचे ओले ठसे भिंतीतल्या कपाटापर्यंत गेले होते. कपाट आतून कुणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं. ते ओढून उघडता आलं असतं. पण बूट, युनिफॉर्म, ओरडून दिलेल्या ऑर्डर्स... एकेकाळी इथे आसरा घेतलेल्यांपैकीच कुणी आत असेल, असा मला अंदाज आला. मी हेल्मेट काढलं, जमिनीवर बसलो आणि लहानपणी आई झोपताना म्हणून घ्यायची ती हिब्रू प्रार्थना हळू आवाजात म्हटली.

कपाटाचं दार उघडलं. साठीची एक बाई, जाड कोटात अंग चोरून बसलेली.

"तू ज्यू? या रंगाचा?"

"आम्ही कोकणातले, मॅडम."

त्यांचं नाव हाना. तिथेच, कपाटाच्या कडेवर बसून त्या बोलल्या. "मी पंधराची होते. मी आणि माझा भाऊ कर्ट. सहा महिने राहा म्हणाले, मग अमेरिका. व्हिसा आलाच नाही. कर्ट अठराचा झाला आणि तुमच्या आर्मीत गेला. फ्रान्समध्ये लढताना पडला. हट पाडणार असं कळलं, म्हणून त्याचा बंक एकदा बघायला आले. तुमचे बूट वाजले आणि मी पुन्हा पंधराची झाले."

"रोज चौकटीला हात तुम्हीच लावता ना?"

"मी आज पहिल्यांदाच आलेय. तेही खिडकीतून. कर्ट गेल्याची तार आली, तेव्हापासून मी कुठल्याच मेझुझाला हात लावलेला नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तो लावायचा. बाहेर पडताना दोनदा."

मी त्यांना धुक्यातून बाहेर आणलं. डॉयलने स्वतःचा चहा त्यांच्या हातात दिला. मी पट्ट्याचं सांगितलं, तसा तो करवत घेऊन गेला आणि चौकटीचा तेवढा तुकडा कापून आणला. माझ्या स्ट्राइपचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर आम्ही हट उडवल्या.

हानाबाईंचा जीव वाचला म्हणून आईने इल्फर्डला मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने, आमच्यात करतात तसा. त्याही आल्या, पोटभर जेवल्या. निघताना दाराशी थांबल्या आणि त्यांचा हात मेझुझाकडे गेला. खूप रडल्या. आईने त्यांना जवळ घेतलं. लाकडाचा तुकडा त्यांनी आमच्याकडेच ठेवला. म्हणाल्या, "माझ्या घरी मी एकटी. इथे त्याला सोबत आहे."

ह्यूज पुढे आखाती युद्धात गेला, तो परत आला नाही. दर नोव्हेंबरात, शहीद सैनिकांच्या स्मरणदिनी, मी त्याचं नाव घेतो आणि त्यानंतर कर्टचं. त्याचा फोटोही मी कधी पाहिला नाही, पण तो माझ्याच तुकडीतला आहे.

तुकडा आमच्या हॉलमध्ये टांगलेला आहे. मीच सांगितलंय, म्हणून त्यावर कुणी फडकं मारत नाही. लाकडावर धूळ बसते. त्या पट्ट्यावर बसत नाही.