हाताळताना घ्यावयाची काळजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं जे सांगणार आहे, ते रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसानं केलंय यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. आमच्या हिचा मात्र लगेच बसला!

आमची नात जुई, वय वर्षं सोळा. शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीत तिची निवड झाली आणि पोर दहा महिन्यांसाठी नेवाशातून थेट डेन्मार्कला निघाली. तिथल्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. अर्जात एक छोटा चौकोन होता : 'घरच्यांनी मुलीविषयी थोडक्यात लिहावे.'

थोडक्यात! अहो, नात परक्यांच्या हवाली करायची आणि तीही चार ओळींत? मी सात पानं लिहिली. इंग्रजीत, क्रमांक घालून. प्रयोगशाळेतल्या सूचना लिहिण्यात हयात गेली माझी. मथळा आपोआपच पडला : 'हाताळताना घ्यावयाची काळजी'.

"अहो, पोरगी आहे ती, ॲसिडची बाटली नाही," ही म्हणाली.

"तुला नाही कळायचं. तिकडची माणसं लेखी दिलेलं पाळतात."

तिथंच घात झाला. त्यांनी पाळलं!

रस्ता एकटीला ओलांडवत नाही, असं मी लिहिलं होतं. म्हणून करीनबाई, म्हणजे त्या घरच्या आई, जुईला हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेत. सगळं गाव सायकलवर, आमची पोर पायी. पाण्याची भीती, म्हणून पोहण्याच्या तासाला ती बाकावर, मांडीवर टॉवेल. मामाच्या विहिरीत वरून मुटका मारणारी पोर! वाऱ्यानं कान दुखतात, म्हणून वर्गात खिडकीपासून लांब. जेवण झालं की वीस मिनिटं डाव्या कुशीवर.

तुम्ही म्हणाल, मग ती बोलली का नाही? तिला वाटलं, ही तिकडची पाहुणचाराची रीत असेल, नको म्हटलं तर बाईंना वाईट वाटेल. बाईंना वाटलं, पोर आजारी आहे, विचारलं तर हिला वाईट वाटेल. एकमेकींचं मन राखता राखता दोघी दमल्या.

तिसऱ्या महिन्यात करीनबाईंनी तिला समोर बसवलं. एवढ्या नाजूक मुलीची जबाबदारी आम्हाला झेपणार नाही, तुला घरी पाठवणंच बरं, असं त्या फार मायेनं म्हणाल्या. आणि कारण म्हणून माझी सात पानं पुढं ठेवली.

जुईचा फोन आला.

"आजोबा, हे कोणाबद्दल लिहिलंय?"

"तुझ्याबद्दल, बाळा."

"दार लावलंय का ते तीनदा बघते, असं आहे यात."

फोनवर बोलता बोलता मी दाराची कडीच बघत होतो. दुसऱ्यांदा.

"रागावू नका, पण मी हे खोडणार आहे. जे करून दाखवीन ते एकेक खोडायचं. बाईंनी महिनाभर थांबायचं कबूल केलंय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरीचं अख्खं वर्ष मी माझ्या हातानं धोक्यात घातलं होतं. लिहिताना डोळ्यांसमोर तिचाच चेहरा होता हो! पण हात मात्र माझीच भीती लिहीत गेला. इतकी वर्षं मी काळजीलाच माया समजत आलो की काय? अजूनही नक्की सांगता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात ती तिथल्या गारढोण समुद्रात उतरली. लाल रेघ! मग सायकल, त्यात गुडघा फुटला, तरी लाल रेघ. एकदा चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी पोचली आणि कोणालाही फोन न करता एकटी परत आली. आम्हाला हे पंधरा दिवसांनी कळलं. महिना संपला, पण परत पाठवायचं नाव कोणी काढलं नाही.

दहा महिने झाले आणि जुई आली, सोबत करीनबाई. मी नेवासा फाट्यावर घ्यायला गेलो. जुई दोन बॅगा घेऊन रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. मी अलीकडंच, जून महिन्यात कानाला मफलर, ट्रक संपायची वाट बघत. करीनबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मफलरवर नजर जरा जास्तच थांबली. मग त्यांनी माझा हात धरला आणि मला पलीकडं नेलं.

टपरीवरचा चहावाला ओरडला, "सर, पाव्हनं नक्की कोन हाय? त्या का तुमी?"

घरी जेवणं झाली. करीनबाईंनी आपणहून माझी उशी डाव्या बाजूला सरकवून दिली. ही पदर तोंडाला लावून आत पळाली.

मग जुईनं सात पानं माझ्यासमोर ठेवली. सगळी लालेलाल. खाली आणखी सात, कोरी करकरीत झेरॉक्स.

"माझं संपलं, आजोबा. ही तुमची प्रत. बोला, पहिलं काय खोडताय?"

तिनं लाल पेन माझ्या हातात दिलं. हीसुद्धा बाहेर आली होती. तिघी बघत होत्या. मी पहिलं पान जवळ ओढलं, चष्मा पुसला, मन घट्ट केलं आणि म्हणालो,

"आधी पेन्सिलीनं खोडलं तर चालेल का?"