हरणाआत्याचा कोठा

ही गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली आहे, आणि खरी एकदाही सांगितलेली नाही. दोनशे म्हणजे — बरं, शंभर धरा. वाढवून सांगायची मला खोड आहे, हे माझ्या बायकोपासून बसस्टँडवरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज एक आकडा मला अगदी जसाच्या तसा लिहायचा आहे. तो आकडा एक तरी आहे, नाही तर दोन. तेवढ्यासाठीच बसलोय.

धाराशिवात माझ्या तोंडून ही गोष्ट न ऐकलेला चहावाला दाखवा, मी नाव बदलीन. ‘कंप्युटरनं घर गिळलं’ — असं मीच तिचं बारसं केलेलं. जळकोटच्या पलीकडं माळावर पवनचक्क्या बसवायच्या होत्या. कुठला पंखा कुठं उभा करायचा हे एक सॉफ्टवेअर ठरवायचं, आणि त्याला खाऊ घालायची एक्सेलची फाईल मी करायचो. ते सॉफ्टवेअर म्हणजे रुसलेला जावई हो! एक मोकळी जागा जास्त पडली, एखादं टिंब इकडचं तिकडं झालं, की ताट ढकलून उठणार. एकदा मी अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे टाकले, तर जळकोटचं सगळं शिवार — एकोणीस पंखे, चार विहिरी आणि एक मारुतीचं देऊळ — थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या समुद्रात जाऊन पडलं. मारुतीला पांढऱ्या अस्वलांचा शेजार! हे खरंच झालं होतं. अस्वलं तेवढी माझी.

मग मी आवाज खाली आणायचो. शिवारातल्या घरांच्या यादीत एक ओळ हरणाबाईची होती, म्हणायचो. फाईल सेव्ह केली आणि मराठी नावांची झाली प्रश्नचिन्हं. हरणाबाईची सात. आता ही सात प्रश्नचिन्हं कोण बाई, हे त्या यंत्राला कळेना. त्यानं ती चघळली, आणि घरादारासकट सगळी ओळ गिळून टाकली — ढेकरसुद्धा दिला नाही!

लोक चहा सांडेपर्यंत हसायचे.

प्रश्नचिन्हं खरी होती. पण नावं इंग्रजी अक्षरांत लिहून मी ती दहा मिनिटांत निस्तरली होती. ओळ जागेवर होती, घर जागेवर होतं. मग गिळलं कुणी?

सांगतो. जरा मागून येऊ द्या — सरळ चालत तिथं जायला पाय उचलत नाहीत.

यादीसाठी मी स्वतः माळ फिरलो होतो. हातात मोबाईल, डोक्याला उपरणं. प्रत्येक भिंतीपाशी उभं राहून जागेचे आकडे घ्यायचे, आणि पाचव्या रकान्यात प्रकार लिहायचा. माणसं राहतात तिथं एक. जनावरं बांधतात तिथं दोन. सॉफ्टवेअर एकाभोवती मोठं वर्तुळ काढायचं आणि त्या वर्तुळात पंखा येऊ द्यायचं नाही. दोनाभोवती वर्तुळ नाही. गुरांना काय त्याचं?

दुपारच्या उन्हात हरणाबाईंच्या दारात गेलो. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात बाजेवर तिचे मालक, भिवातात्या. तात्यांना दिसायचं ते उजेड आणि सावली, बस, एवढंच. मी जवळ गेलो तसे म्हणाले, “कोण आलं?”

“सर्व्हेवाला हाय तात्या. आत्या, हे घर तुमचंच न्हवं?”

“कसलं घर बाबा,” दारात उभी हरणाआत्या हसली. “कोठा हाय आमचा. ये, वाकून ये, चौकट लई खाली हाय. लागली तर म्हणशील म्हातारीनं मारलं.”

आमच्याकडं कोठा म्हणजे गुरं बांधायची जागा. पण आपल्या घराला घर म्हणून मिरवायचं नाही, ही रीतही आमचीच. माडीचा मालकसुद्धा पाहुण्याला ‘या आमच्या खोपटात’ म्हणतो. हे कळायला मी काय परदेशातून आलो होतो? वाकून आत गेलो. कोपऱ्यात देव्हारा, भिंतीला लेकीच्या लग्नाचा फोटो, चुलीवर चहा. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली — तीन भाकऱ्या. ह्यात वाढवलेलं काही नाही. बाहेर येऊन पाचव्या रकान्यात एक लिहिला. आणि शेऱ्याच्या रकान्यात, आपली गंमत म्हणून, तिचाच शब्द: कोठा.

गंमत म्हणून.

फाईल पुरी करायच्या दिवशी सकाळी आमचे साहेब दुपारच्या गाडीनं पुण्याला निघणार होते. फाईल तिथं दाखवायची होती. ऑफिसात सगळ्यांदेखत मी छाती ठोकली: “साहेब, एक जरी लाल ठिपका आला तर मिशी उतरवून टेबलावर ठेवतो.” कुणी मागितली होती माझी मिशी? पण बोलून गेलो. फाईल चढवली. सगळे पंखे हिरवे, आणि चौदा नंबर लाल. हरणाआत्याच्या वर्तुळात.

चौदा हलवला की तेरा हलतो, तेरा हलला की रस्ता हलतो. पुन्हा माळ, पुन्हा पंधरा-वीस दिवस. आणि साहेब दाराशी चपला घालत होते.

मी शेऱ्याचा रकाना पाहिला. तिचाच शब्द. मी खोटं थोडंच लिहीत होतो? मालकिणीनंच सांगितलं होतं ना? — असं तेव्हा मनात आलं. म्हणजे बघा, करायच्या आधीच सबब तयार होती. एक खोडला. दोन लिहिला. चौदा हिरवा झाला.

“जमलं का?” साहेबांनी दारातून विचारलं.

“गुळगुळीत, साहेब!”

मिशी अजून आहे.

इथवर आलो तर वाटतं, झालं, सांगून टाकलं. पण नाही. एवढंच असतं तर कधीतरी सांगितलंही असतं — चूक म्हणून, घाई म्हणून. जे सांगवत नाही ते ह्याच्या पुढचं आहे.

पंखा उभा राहिला, फिरायला लागला. दिवस कलला की त्याच्या पात्यांची सावली हरणाआत्याच्या अंगणातून जायची. एक पातं, दुसरं पातं, तिसरं, पुन्हा पहिलं. आपल्यासारख्याला नुसती सावली. पण ज्याला उजेड आणि सावली एवढंच उरलंय, त्याला? तात्यांना वाटायचं कुणीतरी समोरून गेलं. “कोण आलं?” म्हणायचे. लगेच दुसरं पातं. “कोण हाय?” पुन्हा. सूर्य बुडेपर्यंत माणूस दारात आलेल्यांची विचारपूस करत बसायचा, आणि आलेला एकही नाही.

हे मी पाहिलेलं नाही. आत्यानं सांगितलं — आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर उभी राहून. तात्यांचा हात धरून दोघं एसटीनं आली होती. साहेबांनी नीट ऐकलं, दोघांना खुर्च्या दिल्या. माणूस वाईट नव्हता. यादी उघडून म्हणाले, “आजी, इथं तर गोठा लिहिलाय. घर नाही.”

“न्हाय जी, आमी ऱ्हातो तिथं. ह्या लेकराला ठावं हाय की.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “ह्यानं भाकर खाल्लीया आमच्या घरात. इचारा.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आत्यानं पाहिलं. तात्यांनीही माझ्या आवाजाची वाट पाहत मान इकडं वळवली.

एक शब्द पुरे होता. ‘व्हय’. उणापुरा अडीच अक्षरांचा.

मी म्हणालो, “आत्या, तुमीच म्हणलात न्हवं, कोठा हाय म्हणून?”

मला वाटलं आता चिडेल, शिव्या घालेल, माझी उभी चिरफाड करेल. केली असती तर किती बरं — पण ती विचार करत होती. आठवत होती. आणि मग तिचा चेहरा पडला, आपल्याच हातून काहीतरी सांडल्यावर पडतो तसा.

“व्हय,” ती साहेबांना म्हणाली. “म्हणले खरं. मीच म्हणले.” मग तात्यांकडं वळून, हळू, “माझंच चुकलं वो.”

तात्या म्हणाले, “असू दे. चल.”

मी स्क्रीनकडं पाहत होतो. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, त्या माळावरच्या म्हातारीचं काय झालं रे? आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा ती गोष्ट बाहेर पडली — सात प्रश्नचिन्हं, गिळलेली ओळ, ढेकर. सगळे हसले. मीही हसलो. किती सोपं होतं! तेव्हापासून सांगतोय. प्रत्येक वेळी थोडी जास्त रंगते.

पुढच्या वर्षी आत्या आणि तात्या येडशीला लेकीकडं राहायला गेले. तात्यांना अंगणात बसवेना. तिथं कसे आहेत, विचारलेलं नाही. बस अर्ध्या तासाची आहे.

मागच्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी जळकोटच्या माळावर गेलो होतो. आत्याचं दार उघडं होतं. चौकट तेवढीच खाली, आठवणीनं वाकलो. शेजारच्या शेतकऱ्यानं ती जागा वापरायला घेतली आहे. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात कडबा रचलाय, चुलीपाशी दोन म्हशी बांधल्यात. बाहेर पात्यांची सावली येत होती, जात होती. म्हशी रवंथ करत होत्या.

ऑफिसात परत येऊन जुनी फाईल उघडली. हरणाबाई. पाचवा रकाना: दोन. शेरा: कोठा.

आता ती नोंद बरोबर आहे.