कानाशी वाचलेली ओळ

गल्लीत सगळे त्याला फ्रिजवालाच म्हणत. देवाशी त्याचं भांडण नव्हतं, मुळात ओळखच नव्हती. बायको मात्र चर्चमध्ये वाढलेली. रविवारी ती आईला घेऊन उपासनेला जायची, हा तोवर ताणून द्यायचा. या वाटणीवर संसार छान चालला होता. मग एका आजारपणात ती गेली. त्याला रडू आलं नाही. पुढ्यात ताट आलं की जेवायचं, उचललं की उठायचं.

सासूबाईंची नजर जवळजवळ गेलेली. एकदा त्या म्हणाल्या, "जावईबापू, रविवारी मला तेवढं पोचवाल?"

पोचवायला म्हणून गेला आणि बसावं लागलं. जुनी गीतं सासूबाईंना पाठ होती, पण चर्चच्या नव्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, नव्या गीतांची भारी हौस, आणि पुस्तक तर त्यांना दिसेना. मग हा कानाशी ओळ वाचायचा आणि त्या गायच्या. एवढ्याशा कुडीत इतका दम कुठून येतो, हे त्याला उमगत नसे.

बघण्यासारखं तिथं फारसं नव्हतंच. पांढऱ्या भिंती, लाकडी क्रूस, फळ्यावर गीतांचे आकडे. उभं राहा, बसा, डोळे मिटा. बाकीच्यांनी डोळे मिटले की तो त्यांच्या माना बघत बसे. कुणी पुटपुटत असे, कुणाला चक्क डुलकी लागलेली. पाळकांचं प्रवचन शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं येऊन जाई. प्रभुभोजनाच्या विधीच्या दिवशी द्राक्षरसाचे इवलेसे पेले फिरले. त्याने सासूबाईंच्या कापऱ्या हाताला आधार देऊन पेला त्यांच्या ओठांना लावला आणि स्वतः न घेता पेल्यांचं ताट पुढे सरकवलं.

पाळकांनी दारात गाठून बाप्तिस्म्याचं विचारलं.

"मला काहीच होत नाही हो इथं," तो म्हणाला. "घरीही होत नाही."

"तरी येत जा," पाळक म्हणाले. आणि जाता जाता, मागचा वॉटर कूलर पाणी गार करत नाही, जरा बघाल का, असंही विचारलं. दुसरी विनंती त्याला लगेच कळली. त्याने कूलर मागून उघडला, जाळीत बोटभर धूळ बसली होती, ती काढली.

वाटेत सासूबाई म्हणाल्या, "तुमचा विश्वास नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिचं कधी अडलं नाही. माझंही अडत नाही."

थंडीत त्या तापाने पडल्या. त्याने एकट्यानेच जावं आणि प्रवचन ऐकून येऊन सांगावं, असा त्यांनी हट्ट धरला. तो गेला. गीत सुरू झालं तसा सवयीने डावीकडे झुकला. बाजूची जागा रिकामी होती, तरी ओळ तोंडातून गेलीच, सगळ्यांच्या आधी. पुढची बाई वळून बघू लागली. त्याला लाजही वाटली नाही.

घरी येऊन तो सासूबाईंच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला. पाळक काय म्हणाले, कुठे अडखळले, माइक कधी बंद पडला, सगळं सांगू लागला. निम्म्यावर सासूबाईंना झोप लागली. तो थांबला नाही. उरलेलं तसंच हळू आवाजात सांगत राहिला, शेवटच्या आमेनपर्यंत.