काकूंचा बंद माग

भाताची पेज काढताना तो वास आला की मी वारासिवनीत, त्या विणकरांच्या गावात, पोचते. तिथे सूत ताठ व्हावं म्हणून त्याला पेजेचीच खळ द्यायचे.

विणकामाचा कोर्स संपल्यावर मी शेजारच्या कोष्टी काकूंच्या जुन्या मागावर सराव करायचे. एकदा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला. गाठ मारायचा कंटाळा केला आणि तशीच विणत गेले. हातभर कापडात उभी फट पडली.

“काहून थांबली नाही?” काकूंनी विचारलं.

“मले वाटलं, दिसणार नाही.”

“आता खळ आहे म्हणून झाकते. धुतल्यावर दिसते. चाल, उकलू.”

त्या माझ्याजवळ बसल्या. दुपारभर आम्ही ते कापड उकललं. मी रागारागानं धागे ओढत होते.

पलीकडे त्यांचा रोजचा, पोटापाण्याचा माग, अर्ध्या साडीसकट, दुपारभर बंद होता. तेव्हा मला तो दिसलाच नाही.